उशीखालची पुडी

माझ्या बायकोची थोरली बहीण आयुष्यभर एकाच रुग्णालयात नर्स होती. घरात आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. रुग्णालयात समोर 'मोठ्या सिस्टर' आणि पाठीमागे 'जप्ती'. हे पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना रागही नव्हता. "जप्ती आली असं कुजबुजलं की पेशंट आपणहून काढून देतात. माझे कष्ट वाचतात," म्हणायच्या.

जप्ती कसली, ते सांगतो. ताईंच्या वॉर्डात सकाळची पाळी सुरू झाली की पहिलं काम उशा झटकायचं. ताप पाहणं, औषधं वाटणं, सगळं त्यानंतर. एका हाताने पेशंटचं डोकं अलगद उचलायचं, दुसऱ्या हाताने उशी काढून झटकायची आणि खाली काय पडतं ते बघायचं. मुळ्या पडत, तेलाच्या छोट्या बाटल्या पडत, मंतरलेलं काहीबाही पडत असे, साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोड गोळ्या पडत आणि सगळ्यात जास्त पडत त्या पुड्या. कुठल्याशा काकांनी, मामांनी, शेजारणीच्या मेहुण्याने दिलेल्या. ताई ते सगळं कॉटचा नंबर घालून औषधांच्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवत, डॉक्टरांच्या कानावर घालत आणि घरी सोडताना ज्याचं त्याला परत देत. एकही गोष्ट कधी फेकली नाही.

"फेकायला ते काय माझं आहे?" त्या म्हणत. "मला औषधाचा राग नाही, लपवण्याचा आहे. इथं एका वेळी एकच राजा. दुसरा आणायचा तर पहिल्याला सांगून आणा, नाहीतर दोघांच्या लढाईत प्रजा मरते."

मी वाणिज्य शाखेचा माणूस. मालवाहतुकीच्या कचेरीत जन्म गेला. औषधातलं मला काही कळत नाही, पण वस्तू जागच्या जागी असाव्यात हे कळतं. म्हणून ताईंचा तो खण मला फार आवडायचा. ताईंनी लग्न केलं नाही. आमच्याच घरात मागच्या खोलीत त्या राहत. त्यांची खोलीही तशीच होती. एक कॉट, एक कपाट, एक खुर्ची, खिडकीत धुतलेले पांढरे मोजे वाळत घातलेले. संध्याकाळी पाय गरम पाण्यात सोडून त्या वॉर्डातल्या गमती सांगत.

त्या गमतींमधून मला एक गोष्ट कळली होती, ती बाहेरच्या कुणाला सांगून पटायची नाही. रुग्णालयातली माणसं स्वतः आजारी पडली की रुग्णालयाच्या औषधाकडे शेवटी येत. औषधाच्या खिडकीवर बसणारे गृहस्थ दिवसभर गोळ्यांच्या पट्ट्या मोजून देत, आणि स्वतःच्या सर्दीला खिशातल्या त्या पांढऱ्या गोड गोळ्या चघळत. भूल देणारे डॉक्टर पाठीत सुया टोचून घ्यायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जात. रक्त तपासणारी बाई पायाच्या तळव्यांना कसलंसं तेल चोळून घेई. आणि यातलं कुणी कुणाला सांगत नसे.

"असं का हो, ताई?" मी एकदा विचारलं होतं.

"स्वयंपाकघरात काम करणाऱ्याला भूक लागत नाही, तसंच आहे हे, जावईबापू," त्या म्हणाल्या. "आम्ही औषध लागू पडलेलं बघतो, तसं न पडलेलंही बघतो. लोकांना फक्त बरे होऊन घरी आलेले दिसतात."

ताईंचा खरा नावलौकिक होता तो शीर शोधण्यात. सुकलेली म्हातारी, तापाने फणफणलेलं मूल, सुया टोचून टोचून दगड झालेला हात, कुणाचीही शीर ताईंना सापडायची. दुसऱ्या मजल्यावरून बोलावणं यायचं, 'मोठ्या सिस्टरना पाठवा'. त्या जायच्या, डोळे मिटून बोटांची टोकं कोपराच्या आत फिरवायच्या, आणि म्हणायच्या, "ही बघा, लपून बसलीय." डॉक्टरसुद्धा बाजूला होऊन जागा देत. ताईंच्या हाताखाली तयार झालेली एक नर्स होती, तिला सगळे 'धाकटी' म्हणत. चाळिशी उलटली तरी धाकटीच. ती ताईंच्या मागे सावलीसारखी असायची. "तुमच्या बोटांना डोळे आहेत, मॅडम," ती म्हणायची.

त्या बोटांनाच दुखणं लागलं.

आधी सकाळी उठल्यावर मूठ मिटेना. मग बोटांचे सांधे सुजले. चहाचा कप त्या दोन हातांनी धरू लागल्या. सांध्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, हा संधिवात हाडं खाणारा आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. "तीन-चार महिन्यांनी फरक दिसेल. घाई करू नका," म्हणाले. ताईंनी त्या गोळ्या नेमाने घेतल्या. तोंड आलं, अन्नावरची वासना गेली, सकाळी उठून वांत्या. आणि बोटं होती तशीच.

एक दिवस त्या कामावरून आल्या आणि चपला न काढताच खुर्चीवर बसल्या.

"ताई, काय झालं गं?" हिने विचारलं.

"एका बाळाची शीर चुकली. तीनदा. आई बघत होती. मग सुई धाकटीने घातली."

"होतं एखाद्या वेळी."

"माझं नाही होत." त्यांनी दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले, जणू दुसऱ्या कुणाचे आहेत. "आता मला कागदांच्या टेबलावर बसवतील. निवृत्तीपर्यंत नुसते शिक्के. जावईबापू, तुम्हाला ते सुख वाटेल. मला नाही."

पुडीची गोष्ट रुग्णालयातल्या क्ष-किरणवाल्याने काढली. त्याची मान धरली होती, ती पुडीने सुटली होती. त्याने एका म्हाताऱ्या गृहस्थांचा पत्ता दिला. सगळे त्यांना पुडीवाले काका म्हणत. निळ्या कागदाची पुडी, चारही कोपरे आत दुमडलेले, आत राखाडी पूड. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून.

ताईंनी ती आमच्या जेवणाच्या टेबलावर उघडली तेव्हा ही हसली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण! ताई, तुझी उशी कोण झटकणार?"

"माझ्या उशीखाली नाही, टेबलावर आहे," ताई म्हणाल्या. पण त्यांनाही हसू आलं.

आठवडाभरात त्यांची मूठ मिटू लागली. पंधरवड्यात वेणी स्वतःची स्वतः घालू लागल्या. मी तर थक्क झालो. एका संध्याकाळी कामावरून आल्या त्या थेट स्वयंपाकघरात, आणि हिचा हात धरून कोपराच्या आत बोट फिरवलं. "ही बघ. लपून बसलीय." दोघी बहिणी लहान मुलींसारख्या हसल्या. सांध्यांच्या डॉक्टरांच्या गोळ्या कपाटात गेल्या. डॉक्टरांनी तपासून शाबासकी दिली, "बघा, म्हटलं नव्हतं? धीर धरला की गुण येतो." ताईंनी मान डोलावली. पुडीबद्दल बोलल्या नाहीत.

पुढच्या काही महिन्यांत ताईंचा चेहरा भरला. जन्मभराची सडसडीत बाई, पण गाल गोल झाले, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी आली. येणारे-जाणारे म्हणत, तब्येत काय छान झालीय. हीही म्हणाली. ताई त्या वेळी ताट पुसत होत्या. त्यांनी त्या चकचकीत ताटात स्वतःचं तोंड पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि ताट फळीवर ठेवून दिलं.

"उतारवयात अंग धरतं," म्हणाल्या.

त्याआधी पुडी टेबलावर असायची. त्यानंतर ती त्यांच्या खोलीत गेली. आम्हाला त्यात विशेष काही वाटलं नाही. ज्याच्या हाती औषधाचं कपाट, त्याला आम्ही काय सांगणार!

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना ताई न्हाणीघरात घसरल्या. पडणं तसं साधंच होतं, लहान मूल पडून उठून पळालं असतं. ताईंच्या मांडीचं हाड मोडलं. हाडांचे डॉक्टर तरुण होते, पूर्वी ताईंच्याच वॉर्डात शिकाऊ म्हणून राबलेले. क्ष-किरणाचं चित्र उजेडासमोर धरून ते पुटपुटले, "सिस्टर, हाडं इतकी विरळ कशी हो?" आणि मग आमच्याकडे वळून म्हणाले, "काळजी करू नका. सळई घालू. महिन्या-दीड महिन्यात चालतील."

कॉट मिळाली ती ताईंच्याच वॉर्डात, खिडकीजवळची. दाखल करतानाचे प्रश्न विचारायला धाकटीच आली. ताई निवृत्त झाल्यावर वॉर्ड तिच्याकडेच जाणार हे ठरलेलं होतं. तेव्हा काय झालं ते धाकटीनेच आम्हाला पुढे सांगितलं.

तिने सगळं विचारलं. शेवटचा प्रश्न ताईंनीच त्या वॉर्डाला लावून दिलेला होता, प्रत्येक पेशंटला विचारायचाच असा. "याशिवाय दुसरं काही चालू आहे का? पुडी, काढा, तेल, काहीही? रागावणार नाही, फक्त सांगा."

"नाही," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑपरेशनच्या आधी, धाकटीने शिकवल्याप्रमाणे कॉट नंबर एकपासून उशा झटकत सुरुवात केली. खिडकीजवळच्या कॉटपाशी आली तेव्हा तिला ती उशी सोडून पुढे जायचं होतं. पण आजूबाजूचे पेशंट बघत होते. तिने एका हाताने ताईंचं डोकं अलगद उचललं आणि उशी काढली. निळ्या पुड्या पडल्या.

"घे," ताई म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम."

"मॅडम, डॉक्टरांना सांगू?"

"मुळ्यांची पूड आहे गं. त्यासाठी वॉर्डभर बोभाटा कशाला? त्या सगळ्या पोरी हसतील."

धाकटीने पुड्या घेतल्या, कॉटचा नंबर घातला आणि खालच्या खणात ठेवल्या. सांगितलं मात्र कुणालाच नाही. ज्यांनी तिला सुई धरायला शिकवलं, त्यांची चोरी ती कुणाला कशी सांगणार? जप्ती केली, तीही ताईंच्याच नियमाने, आणि गप्प राहिली तीही ताईंच्या मानासाठी. दुसऱ्या कुणाही पेशंटच्या बाबतीत तिने पुड्या घेतल्याही असत्या आणि डॉक्टरांना सांगितलंही असतं.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई ओकू लागल्या. मग हाक मारली तर ओ देईनात. रक्तदाब खाली गेला तो वर येईचना. सलाईनच्या बाटल्या लावल्या, रक्त दिलं, काही उपयोग नाही. हाडांचे डॉक्टर घामाघूम होऊन बाहेर आले.

"घरी काही चालू होतं का? काहीही?"

"पुडी चालू होती," मी म्हणालो. "हातांसाठी. वर्ष होऊन गेलं."

"पुडी? कसली पुडी? दाखल होताना तर काही नाही म्हणाल्या!"

धाकटी त्यांच्या मागे उभी होती. वळली, खण उघडला आणि पुड्या आणून डॉक्टरांच्या हातात ठेवल्या. डॉक्टरांनी एक उघडून पाहिली, वास घेतला, मग काचेतून ताईंच्या त्या गोल चेहऱ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला.

त्यांनी मला नंतर समजावून सांगितलं, ते मला समजलं तसं सांगतो. पुडीत मुळ्यांबरोबर स्टिरॉइडची भुकटी असणार. दुखणं झटकन थांबतं ते त्यामुळे, चेहरा गोल होतो तो त्यामुळे, हाडं पोकळ होतात तीही त्यामुळेच. वर्षभर ते बाहेरून मिळत राहिलं की शरीर आपलं स्वतःचं बनवायचं विसरतं. मग एकदम बंद केलं, आणि वरून ऑपरेशनचा धक्का, की शरीराला उभं राहायला काठीच उरत नाही. "दाखल करताना नुसतं सांगितलं असतं, तरी आम्ही शिरेतून देत राहिलो असतो," ते म्हणाले. "एवढी साधी गोष्ट. हे मला त्यांनीच शिकवलंय हो!"

शिरेतून ते औषध सुरू केल्यावर रक्तदाब चढला. ताई वाचल्या. पण जखम चिघळली, सळई हलली, ती काढावी लागली. पुन्हा ऑपरेशन करण्यासारखी हाडं नव्हती. ताईंना आम्ही खुर्चीत बसवून घरी आणलं. सांध्यांचे डॉक्टर आता ते औषध मोजून देतात, दर थोड्या दिवसांनी थोडं कमी करतात. त्याला इलाज नाही. औषध जसं कमी झालं तशी बोटं मिटत गेली आणि आता ती उघडत नाहीत.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ताई म्हणाल्या, पहिल्यांदा हिने त्यांना घास भरवला तेव्हा. ही रडायला लागली, तर तिच्यावरच रागावल्या. "हस की. मी विनोद केलाय."

एकदा मी त्यांना विचारलं. विचारू नये असं वाटत होतं, पण विचारलं. "ताई, तुम्हाला कळलं नव्हतं का?"

"ताट पुसताना कळलं," त्या म्हणाल्या. "असले चेहरे मी किती पाहिलेत. त्यांना सोडताना व्याख्यान दिलंय."

"मग?"

"मग काय! बंद केली तर हात बंद, हे दिसत होतं. निवृत्तीपर्यंत निभावेल म्हटलं."

"आणि दाखल झालात तेव्हा?"

त्या खिडकीकडे बघत राहिल्या. "दोन-चार दिवसांचा तर प्रश्न, असं वाटलं. आणि त्या पोरींसमोर... जावईबापू, ज्या वॉर्डात मी सगळ्यांच्या उशा झटकल्या, तिथं मी काय तोंडाने सांगणार होते?"

मी एक दिवस कचेरीतून लवकर निघालो आणि पुडीवाल्या काकांकडे गेलो. भांडायचं ठरवून गेलो होतो. दारात बाकावर माणसं बसली होती. क्ष-किरणवाला होता, तो मला पाहून भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. काका आत चटईवर बसून पुड्या बांधत होते. मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. गोड माणूस. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही मुळ्या स्वतः कुटायचो," ते म्हणाले. "आता होत नाही. तयार पूड येते पोत्यातून, मी फक्त पुड्या बांधतो. त्यात असलं काही असेल, खरं नाही वाटत हो. मी स्वतः घेतो की! गुडघ्यांसाठी."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. गोल, तुकतुकीत, हनुवटीखाली दुसरी हनुवटी. ताईंचाच चेहरा. भांडायला माझ्याकडे काही उरलं नाही. मी एवढंच म्हणालो, "काका, एकदम बंद करू नका. डॉक्टरांना सांगून करा."

"डॉक्टर काय म्हणतील, माहीत आहे मला," ते हसले, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

ताईंचं रक्त तपासायला लागतं. त्यासाठी धाकटी आमच्याकडे येते, कामावरून परत जाताना. त्या दिवसानंतर सुरुवातीला ती ताईंच्या नजरेला नजर देत नसे. ताईंनीच एकदा तिला झापलं, "माझ्याकडे बघून सुई घाल, नाहीतर खुर्चीला टोचशील." तेव्हापासून बरं आहे.

मागच्या वेळी ती आली ती दमलेली होती. पण तब्येत सुधारल्यासारखी वाटली, गाल वर आलेले. मी तसं म्हणणारही होतो. तिने पर्समधून रबरी पट्टा ओढून काढला आणि त्याबरोबर काहीतरी ताईंच्या पांघरुणावर पडलं. निळी पुडी. चारही कोपरे आत दुमडलेले.

ही दारात चहाचा कप घेऊन उभी होती, ती तशीच राहिली.

"कधीपासून?" ताईंनी विचारलं.

"कंबर, मॅडम. पाळीभर उभं राहवत नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी पोटात आग पडते."

"त्यांना सांगितलंस?"

धाकटीने पट्टा बोटाभोवती गुंडाळला, सोडला.

"तुला माहीत आहे ना त्यात काय आहे?"

"आहे."

"वॉर्डात आणखी कोण कोण घेतं?"

"कोण घेत नाही ते विचारा, मॅडम."

ताई हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. "मग सकाळी उशा कोण झटकतं?"

"मीच."

"हं. उद्या सांग डॉक्टरांना."

"सांगते," धाकटी म्हणाली. ज्या पेशंटांनी ताईंना जन्मभर 'आता नाही घेणार सिस्टर' म्हटलं असेल, त्यांच्याच आवाजात म्हणाली.

तिने पट्टा बांधला. शीर सापडेना. एकदा टोचलं, काढलं. ताईंनी आपली दुसरी मूठ उचलून कोपराच्या आत टेकवली, बोटांच्या उलट्या सांध्यांनी चाचपत राहिल्या. डोळे मिटले होते. बराच वेळ गेला.

"नाही कळत गं," त्या म्हणाल्या. "तूच बघ."

तिसऱ्या वेळी रक्त आलं. धाकटीने कापूस दाबला, नळीवर चिठ्ठी लावली आणि पांघरुणावरची पुडी उचलायला हात पुढे केला.

"ती राहू दे."

"ताई!" ही दारातून म्हणाली.

"जप्त केलीय मी. नियम आहे."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. ताईंचे डोळे खिडकीकडे होते आणि दोन्ही मुठी छातीवर होत्या. रात्ररात्र त्या मुठी ठणकतात, हे त्या घरात आम्हा दोघांना ठाऊक होतं. धाकटीने एका हाताने त्यांचं डोकं अलगद उचललं, उशी सारखी केली आणि पुडी तिच्याखाली सरकवली.

सकाळी हिने चादर बदलली, पांघरूण झटकलं, उशीचा अभ्रा जागच्या जागी सरळ केला. उशी उचलली नाही.